पानाचा कायदा आणि तुऱ्याचा कायदा

आमच्या कोल्हापुरांत थंडाई हा शब्द निघाला कीं डोळ्यांपुढें तालीम उभी राहते. बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरीं कुंडींत घालून सोट्यानें घोटावयाचीं, दुधांत कालवून फडक्यानें गाळावयाचीं आणि मेहनत आटोपल्यावर पैलवानानें तो पेला एका दमांत रिता करावयाचा, हा येथील परिपाठ. हाच शब्द काशीकडे उच्चारला तर ऐकणारा हंसून विचारील, "भांगेची कीं साधी?" आमच्या पेल्यांत बदामापलीकडे कांहीं नसल्यामुळें त्यास सरकारदरबारची भीति नाहीं. परंतु काशीच्या पेल्यांत जें पान पडतें त्याचा कायदा शोधूं लागलें म्हणजे मोठी मौज दिसते. महाराष्ट्रांत त्या पानाचा कायदा मुंबईचा आहे; आणि त्याच झाडाच्या शेंड्यावर जो तुरा येतो त्याचा कायदा दिल्लीचा. झाड एक, माती एक, पण धनी दोन. ही वांटणी केव्हां व कशी झाली याचा वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरूं. या झाडाच्या पानांस भांग म्हणतात. मादी झाडाच्या राळेनें माखलेल्या फुलोऱ्यास गांजा. आणि ती राळच वेगळी काढली म्हणजे तो चरस. आयुर्वेदांत भांगेस विजया असें गौरवाचें नांव आहे. उलट मराठींत 'भांगेंत तुळस' ही म्हण आहे. एकीकडे औषधींत गणना आणि दुसरीकडे तुळशीशीं असा उभा विरोध, यावरून आपल्या समाजाचें या बाबतींत एक मन नाहीं हें उघड आहे. भांग शिवरात्रीस चालते, गांजा बैराग्याच्या चिलमींत खपतो, पण आपल्या मुलानें ती चिलीम हातीं धरलेली कोणाहि गृहस्थास खपत नाहीं.

आतां कायदा पाहा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्यास आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, पान, तुरा आणि राळ या तिन्हींस मादक द्रव्यांत धरतो. १९८५ चा मध्यवर्ती कायदा मात्र गांजाची व्याख्या करतांना, बरोबर तुरा नसेल तर पान आणि बीं हीं वगळतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. मध्यवर्ती कायद्याप्रमाणें गांजासाठीं झाड लावणारास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते; आणि २० किलोंहून अधिक गांजा सांपडून गुन्हा शाबीत झाला तर १० वर्षांहून कमी शिक्षा देण्याची न्यायाधीशास मुभाच नाहीं. पंचनामा करणाऱ्या शिपायाच्या पिशवींत पान पडलें कीं तुरा, यावर एखाद्या माणसाची उमेदीचीं वर्षें अवलंबून असतात.

येथून आपण इंग्रजी अंमलांत जाऊं, कारण दोन सत्तांची ही ओढाताण तेव्हांपासूनची आहे. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा इलाख्यांतील खालसा मुलुखासाठीं होता. कोल्हापूर हें संस्थान. १८६२ च्या तहानें महत्त्वाच्या बाबतींत इंग्रज सरकारचा सल्ला मानण्याचें बंधन छत्रपतींवर आलें होतें, तरी मुंबईचा कायदा येथें आपोआप लागत नसे. त्या वेळचा नकाशा पाहिला तर अबकारी अंमलदाराची कींव यावी. कोल्हापुराहून बेळगांवकडे निघालेला प्रवासी कागलच्या जहागिरींतून निपाणीस पोंचला कीं खालसांत शिरे. शिरोळकडे वळला तर पुढें कुरुंदवाडचें संस्थान, पलीकडे मिरज आणि सांगली. रायबाग आणि कटकोळ हे कोल्हापूरचे भाग थेट बेळगांव जिल्ह्याच्या पोटांत. आणि आज कोल्हापूर जिल्ह्यांत असलेला चंदगड तालुका तेव्हां बेळगांवचा. अशा गोधडीसारख्या मुलुखांत एका ठिगळांत कर जड आणि शेजारच्यांत हलका असला, तर माल कोणत्या दिशेनें चालूं लागेल हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. दारू जड, तिला पिंपें लागतात. गांजा गवताच्या पेंढींतहि लपतो.

या सर्व कारभारावर पहिला मोठा प्रकाश पडला तो १८९३ सालीं, आणि तोहि लंडनच्या पार्लमेंटांतून. त्या वर्षीं २ मार्च रोजीं विल्यम केन या मद्यपाननिषेधवादी सभासदानें कॉमन्स सभेंत बंगालमधील गांजाविषयीं प्रश्न विचारला. प्रश्न बंगालपुरता होता. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनीं चौकशी सर्व हिंदुस्थानची करावी असें सुचविलें. जुलैमध्यें सात सभासदांचें कमिशन नेमलें गेलें. अध्यक्ष पंजाबचे अधिकारी मॅकवर्थ यंग. सातांपैकीं तिघे हिंदी. कमिशननें देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदविलें. त्यांत डॉक्टर, वैद्य, कलेक्टर, मिशनरी, व्यापारी, शेतकरी असे सर्व थरांचे लोक होते. १८९४ मध्यें अहवाल पुरा झाला, आणि त्याचे ग्रंथ एकावर एक ठेवले तर चांगली हातभर चवड होते.

त्या अहवालांतील एक प्रकरण आमच्या मतें आजहि वाचण्यासारखें आहे. तें म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांचें. गांजानें वेड लागतें हा समज तेव्हां इतका रूढ होता कीं इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत तसा आंकडाच छापला जाई, आणि सरकार तो आंकडा पुरावा म्हणून पुढें करी. कमिशननें १८९२ सालचीं सर्व प्रकरणें एकेक करून तपासलीं. त्या वर्षीं १३४४ रोगी दाखल झाले होते आणि त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण गांजा-भांग असें लिहिलें होतें. हें कारण लिहिलें कोणीं, याचा माग काढतां आढळलें कीं, रोग्यास आणून पोंचविणाऱ्या पोलिसाच्या कागदावर एक रकाना असे, तो रिकामा ठेवणें बरें नव्हे म्हणून कांहींतरी भरलेलें असे, आणि डॉक्टर तेंच पुढें उतरून घेत. वेडा मनुष्य, नातेवाईक ठाऊक नाहींत, अंगावर भगवें वस्त्र. मग गांजाच असणार! तपासणीनंतर २२२ पैकीं अवघीं ९८ प्रकरणें उरलीं, आणि त्यांतहि दुसरें कोणतेंच कारण नाहीं अशीं ६१. म्हणजे गांजाचा दोष शून्य ठरला असें नव्हे. ६१ माणसें हीं ६१ कुटुंबें होत. पण आंकडा कसा जन्मास येतो हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

कमिशनचा निर्णय असा झाला कीं, माफक सेवनानें सामान्यतः अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो, आणि सरसकट बंदी जरूरीची नाहीं व शहाणपणाचीहि नाहीं. बंदी केल्यास धर्मकृत्यांत हात घातल्याचा असंतोष माजेल आणि गरीब मनुष्य दारू किंवा धोतरा अशा अधिक वाईट वस्तूंकडे वळेल, अशी भीति सभासदांनीं व्यक्त केली. त्यांचा उपाय होता तो नियंत्रणाचा: लागवड परवान्यानें व ठराविक ठिकाणीं, कर जड, दुकानें मोजकीं आणि एका वेळीं जवळ बाळगण्याच्या मालास मर्यादा. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघां हिंदी सभासदांनीं मात्र आपलीं भिन्न मतें वेगळीं जोडलीं. त्यांस हानि अधिक गंभीर वाटली. परके सत्ताधीश आमच्या लोकांस झिंगवून तिजोरी भरतात असें ज्यांस तेव्हां वाटे त्यांस या मतभेदानें बळ आलें. सरकारास महसूल हवा होता हें खोटें नाहीं. परंतु महसुलासाठींच कमिशननें खोटा निर्वाळा दिला असें म्हणावयाचें तर अहवालांतील इस्पितळांच्या प्रकरणासारखा चिकाटीचा शोध कशासाठीं, याचा उलगडा होत नाहीं.

याच १८९४ सालच्या एप्रिलांत इकडे शाहू छत्रपतींनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. महाराष्ट्रांतील सुशिक्षितांचा रोष त्या काळीं गांजापेक्षां दारूवर होता. जोतीराव फुल्यांनीं १८८० मध्यें पुण्याच्या नगरपालिकेस दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिलें होतें; १९०८ मध्यें पुण्यांत त्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले; 'एकच प्याला' रंगभूमीवर आला तोहि प्यालाच घेऊन, चिलीम घेऊन नव्हे. गांजा हा बैराग्यांचा आणि मजुरांचा, म्हणून त्याची चिंता मध्यमवर्गास नसावी असा आमचा तर्क आहे.

पान आणि तुरा यांच्यामधील रेघ आंतरराष्ट्रीय करारांत उमटली ती जिनिव्हा येथें. १९२५ च्या अफू परिषदेंत ईजिप्तच्या प्रतिनिधीनें हशीशचा प्रश्न मोठ्या आवेशानें मांडला. हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधीस पेंच पडला. उत्तरेंत हें झाड रानोमाळ आपोआप वाढतें, त्याचीं पानें घरोघर घोटलीं जातात. तीं बंद करण्याचें वचन कोणत्या तोंडानें द्यावयाचें? अखेर करारांत जी व्याख्या आली तींत मादी झाडाचे वाळलेले तुरे तेवढे धरले गेले. पान सुटलें. पुढें १९३० मध्यें हिंदुस्थान सरकारनें घातक औषधांचा मध्यवर्ती कायदा केला त्यांत मात्र पानांचाहि उल्लेख होता. तरी दुकानें, परवाने व कर हा रोजचा कारभार प्रांतांच्या अबकारी खात्यांकडेच राहिला. १९३५ च्या राज्यघटनेच्या कायद्यानें तर मादक पेयें आणि मादक द्रव्यें हे दोन्ही विषय प्रांतांच्या यादींत स्पष्ट शब्दांनीं घातले.

त्या अधिकाराचा उपयोग मुंबईनें काय केला हें प्रसिद्धच आहे. खेर मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी आणली. तीन महिन्यांनीं मंत्रिमंडळच गेलें. स्वातंत्र्यानंतर तें काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १६ जूनला मुंबई दारूबंदी कायदा अंमलांत आला. म्हणजे संस्थान गेल्यावर चार महिन्यांच्या आंत येथील पान, तुरा व प्याला हे तिन्ही मुंबईच्या एका पुस्तकांत बांधले गेले. हद्दींच्या गोधडीचा प्रश्नहि त्याबरोबर सुटला. ठिगळेंच उरलीं नाहींत.

परंतु त्याच सुमारास दिल्लींत घटना लिहिली जात होती, आणि तींत एक लहानसा फेरफार झाला. राज्यांच्या सूचींत मादक पेयें राहिलीं. 'मादक द्रव्यें' हे शब्द त्या ओळींतून गळले. 'औषधें व विषें' हा विषय समवर्ती सूचींत, म्हणजे दोघांचा. अफू, गांजा इत्यादींवरील अबकारी कर मात्र राज्यांकडेच ठेवला. कर राज्याचा आणि कायदा दोघांचा, अशी ही व्यवस्था. १९५१ मध्यें बालसारा खटल्यांत मुंबईच्या दारूबंदी कायद्याची सर्वोच्च न्यायालयापुढें कसोटी लागली. परदेशांतून माल आणूं देणें हा मध्यवर्ती विषय असतां प्रांतास बंदी कशी करतां येईल, असा एक आक्षेप होता. न्यायालयानें तो फेटाळला आणि कांहीं तरतुदी वगळून कायदा उचलून धरला. वाद सारा दारूविषयीं झाला. गळलेल्या त्या दोन शब्दांकडे फारसें कोणाचें लक्ष जाण्याचें कारण नव्हतें.

लक्ष गेलें तें १९८५ मध्यें. मधल्या काळांत १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला होता. त्यांतहि पान वगळलेलें होतें, आणि गांजाचें परंपरागत सेवन बंद करण्यास करार लागू झाल्यापासून २५ वर्षांची मुदत देण्याची सोय होती. भारतानें ती सोय घेतली. करार १९६४ च्या डिसेंबरांत लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ ला संपणार. मुदतीपूर्वीं कायदा करणें भाग होतें. पण तो ज्या घाईनें झाला ती पाहून आश्चर्य वाटतें. विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कमिशननें ११९३ साक्षी घेऊन जो प्रश्न वर्षभर चाळला तो येथें पंचवीस दिवसांत निकालांत निघाला. १४ नोव्हेंबरपासून तुरा दिल्लीच्या ताब्यांत गेला. १९३० च्या कायद्यांत असलेलें पान या वेळीं वगळलें गेलें, आणि तें राज्याच्या पदरांत राहिलें.

अमेरिकेंत अशाच दोन सत्तांचा तंटा गाजतो, म्हणून त्याच्याशीं ताडून पाहणें उपयोगाचें होईल. तेथें १९७० च्या मध्यवर्ती कायद्यानें गांजा निषिद्ध आहे. १९९६ मध्यें कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं औषधासाठीं तो मोकळा केला. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें घरच्या घरीं औषधापुरतें लावलेलें झाडहि मध्यवर्ती कायद्याच्या कक्षेंत येतें असा निकाल दिला. तरी २०१२ मध्यें कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनीं चैनीच्या सेवनासहि परवानगी दिली आणि पुढें अनेक राज्यें त्याच वाटेनें गेलीं. हें शक्य झालें, कारण तेथें मध्यवर्ती सरकारास राज्याच्या पोलिसांकडून आपला कायदा सक्तीनें बजावून घेतां येत नाहीं. राज्यानें स्वतःची शिक्षा काढून टाकली कीं रस्त्यावरचा शिपाई त्या कामांतून मोकळा होतो.

आपल्याकडे पोलीस राज्याचे, पण घटनेच्या २५६ व्या कलमानें संसदेचे कायदे पाळले जातील अशा रीतीनें कारभार करण्याचें बंधन राज्यावर आहे. कोल्हापूरचा हवालदार मुंबईचा पगार घेऊन दिल्लीचा कायदा बजावतो. शिवाय १९८५ च्या कायद्याचें ८१ वें कलम असें आहे कीं, राज्याचा एखादा कायदा अधिक निर्बंध घालीत असेल किंवा अधिक शिक्षा देत असेल, तर त्यास बाध येत नाहीं. गांठ अधिक आवळण्यास राज्य मोकळें आहे. ती सैल करण्याची वाट त्यास नाहीं. पानावर महाराष्ट्राचा निर्बंध टिकून आहे तो याच न्यायानें. अमेरिकेंत राज्यें मध्यवर्ती सत्तेहून सौम्य झालीं. येथें राज्यास अधिक कठोर होण्याचेंच तेवढें स्वातंत्र्य आहे. आम्हांस गांजा मोकळा व्हावा असें वाटत नाहीं. पण ज्या मुलुखांत झाड वाढतें, जेथील मुलें बिघडतात आणि जेथील तुरुंग भरतात, त्या मुलुखाच्या विधिमंडळास या बाबतींत एकाच दिशेनें मत देण्याची मुभा असावी, हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

हद्दीपलीकडचा अनुभव याहून निराळा नाहीं. २०२२ मध्यें कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें जामिनाच्या एका अर्जावर असें म्हटलें कीं, भांग ही मध्यवर्ती कायद्यांतील गांजा नव्हे. म्हणजे कागलचा नाका ओलांडून निपाणीस गेलें तरी झाडाची फाळणी तीच. २०२० च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आयोगांत गांजास सर्वांत कडक यादींतून काढावें कीं काय यावर मतें झालीं; ठराव २७ विरुद्ध २५ मतांनीं संमत झाला आणि भारताचें मत काढण्याच्या बाजूनें पडलें. देशांतील कलमांत त्यामुळें अक्षराचाहि फरक झाला नाहीं. उत्तराखंडानें २०१८ मध्यें मध्यवर्ती कायद्यांतीलच एका फटीचा आधार घेऊन तंतु आणि बीं यांकरितां लागवडीचे परवाने दिले, तेहि ज्यांत अमली अंश ०.३ टक्क्यांहून अधिक नसेल अशा जातीसाठीं.

सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें २०२१ च्या ऑगस्टांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला कीं, आपणांस दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मिळावी. कारण त्यानें लपविलें नव्हतें. कोणत्याहि पिकास हमीचा भाव नाहीं, ऊस कारखान्यास घातला तर बिल वेळेवर मिळत नाहीं, आणि गांजास मात्र भाव आहे. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलें नाहीं तर परवानगी मिळाली असें समजून आपण लागवड करूं, असेंहि त्यानें लिहिलें होतें. वर्तमानपत्रांनीं यास गमतीची बातमी म्हणून छापलें. पण कायद्याचें पुस्तक उघडलें तर त्या मनुष्यानें दार चुकीचें ठोठावलें नव्हतें: १९८५ च्या कायद्याच्या १० व्या कलमांत गांजाच्या लागवडीस परवानगी देण्याचा व तिचें नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारासच दिला आहे, मात्र वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनापुरता. उसाचें थकलेलें बिल हें प्रयोजन त्यांत बसत नव्हतें. झाड लावल्यास गुन्हा दाखल करूं असें पोलिसांनीं बजाविलें.